इरुंगाट्टुकोट्टैचं हिरवं बटण

चेन्नईहून परत आल्यापासून नाशिकमध्ये जो भेटतो तो पहिला प्रश्न विचारतो, "मरीना बीच पाहिलात का?" नाही पाहिला. महाबलिपुरमही नाही. कांजीवरम साडीच्या दुकानाच्या पायऱ्यासुद्धा चढले नाही, यावर तर बहिणीचा अजून विश्वास बसलेला नाही. मी पाहिलं ते शहराबाहेरच्या एका कारखान्यातलं एक हिरवं बटण. ते मात्र मी इतक्या वेळा आणि इतक्या बाजूंनी पाहिलं, की मरीना कुणी तितका पाहिला नसेल.

माझा धंदा आधी सांगायला हवा, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मी एर्गोनॉमिक्सचं काम करते. यंत्र, खुर्ची, बटण, पडदा, जे काही माणसाने वापरायचं ते माणसाच्या हाताला, डोळ्याला आणि स्वभावाला जुळतं की नाही हे पाहायचं, आणि जुळत नसेल तर यंत्र बदला म्हणून सांगायचं. ऐकणारे नेहमी माणूस बदलायला तयार असतात, यंत्र बदलायला नसतात. त्यामुळे धंदा बेताचाच चालतो. अर्ध्या लोकांना तर हे इकॉनॉमिक्सच वाटतं. आमचे सासरे शेवटपर्यंत मला कांद्याचे भाव का चढले ते विचारत असत. उरलेल्या अर्ध्यांना वाटतं मी खुर्च्या विकते. धंदा कळला की ते मान किंवा कंबर दाखवायला लागतात.

कल्याणी राव ही माझी जुनी विद्यार्थिनी. तिचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला गेलेले, घरी बोलतात ती त्या काळची मराठी. कल्याणी स्वतः मात्र तमिळ आणि इंग्रजीत जास्त रमते. मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत माणसांची भरती आणि ट्रेनिंग ती पाहते. डिसेंबरात तिचा फोन आला.

"अक्का, आमच्या फॅक्टरीत ह्यूमन एरर फार वाढलाय. येऊन लेक्चर देता का?"

डास फार झालेत, येऊन धूर करता का, असं विचारावं तशी ती विचारत होती. मी हो म्हटलं.

मैलापूर

कल्याणीचं घर मैलापूरला, देवळाच्या मागच्या गल्लीत. पहाटे पोचले तेव्हा मार्गळी महिना चालू होता. आपल्याकडच्या मार्गशीर्षाशी थोडा जुळतो, थोडा पुढे सरकतो. या महिन्यात इथल्या बायका दारापुढे एवढाले कोलम काढतात की गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही. आपली रांगोळी पाटाभोवती किंवा उंबऱ्यापाशी सुखाने बसते, इथली थेट रस्त्यावर उतरते. मी बॅग ओढत आले ती नेमकी ओल्या कोलमावरून. बॅगच्या चाकांनी एका मोराचं मुंडकं उडवलं.

"असूं दे, असूं दे! मोरच तो, उद्यां पुन्हां येईल," दारातून एक बाई म्हणाल्या. या कल्याणीच्या आई, सुलोचनाबाई. सत्तरीच्या पुढच्या, केसात मोगरा, हातात पिठाचा डबा. "ये गे मीरा, बैस. प्रवासांत श्रम झाले काय? ऊन पाणी काढूं?"

अनुस्वारांसकट आलेलं ते वाक्य, आणि शेवटचा शब्द तमिळसारखा वर उचललेला. आपलीच भाषा आपल्याला पाहुणी करून घेतेय असं वाटलं. पण माझं लक्ष त्यांच्या कमरेकडे. गुडघे ताठ ठेवून, कमरेत सरळ दोन घड्या घालून त्या मोराचं मुंडकं परत काढत होत्या. माझ्या पुस्तकांत या आकृतीवर लाल फुली असते.

"अहो मावशी, गुडघे वाकवा. कंबर जाईल."

"पन्नास वर्षं जाते म्हणून वाट पाहाते मी, जातच नाही," त्या वाकलेल्या अवस्थेतच म्हणाल्या. "तुझी दुखते काय?"

दुखत होती. बसच्या सीटने. मी विषय बदलला.

आत गेल्यावर फिल्टर कॉफी आली, वाटीसारख्या दवऱ्यात बसवलेल्या पेल्यातून. मी आपल्या सवयीने पेला मुठीत धरला आणि तेवढ्याच वेगाने सोडला. अर्धी कॉफी दवऱ्यात, अर्धी साडीवर. सुलोचनाबाईंनी मला पेला काठाला दोन बोटांनी धरायला शिकवलं. तो बाहेर वळलेला काठ त्यासाठीच असतो, तिथे भाजत नाही. एवढं साधं आणि चोख काम पाहून मला बरं वाटलं. पुढच्या दोन दिवसांत असं बरं फार वेळा वाटायचं नव्हतं.

जेवायला डांगर होतं. तेच आपलं उडदाच्या पिठाचं, दह्यातलं. इथे त्याला डांगर पच्चडी म्हणतात आणि वरून मोहरीची फोडणी देतात. शेजारी चिंचेतली आंबट भाजी. कल्याणी मात्र नीट जेवत नव्हती.

"काय झालं ग?"

"काही नाही. आता सेल्वीचं फायनल व्हायचंय."

मग हळूहळू बाहेर आलं. सेल्वी नावाची एक कामगार मुलगी. प्रेस मशीनवर होती. तिने चुकीचं बटण दाबलं, साचा फुटला, लाइन बंद पडली. साच्याची एक कपची मशीनच्या जाळीतून उडून तिच्याच भुवईच्या वर लागली आणि टाके पडले. चौकशी झाली. निष्कर्ष: ह्यूमन एरर. तिला घरी बसवलं आहे, आणि या आठवड्यात कामावरून काढायचा कागद निघेल.

"म्हणजे डोकं तिचंच फुटलं, आणि काढायचंही तिलाच?"

"कागद मीच तयार केलाय, अक्का," कल्याणी ताटात बघत म्हणाली. "सहीपण झालीय माझी. व्हीपींची राहिलीय."

"मग मी कशाला आले?"

"बाकीच्यांना लेक्चर द्यायला. म्हणजे पुन्हा कोणी असं करू नये."

अण्णा नगर

कंपनीचं मुख्य ऑफिस अण्णा नगरला, काचेच्या एका उंच इमारतीत. दारात चेहरा ओळखणारं यंत्र. चेहरा दाखवला की दार उघडतं. यंत्र बसवणारा माणूस चांगला उंच असावा, कारण त्याने ते स्वतःच्या नाकासमोर बसवलं होतं. कल्याणी माझ्याएवढीच, म्हणजे बेताची. ती आली, यंत्राखालच्या लाल प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढली, यंत्राकडे पाहून हसली, उतरली. मागच्या बाई चढल्या, हसल्या, उतरल्या. कुणाला यात काही वावगं वाटत नव्हतं. स्टुलावर ऑफिसचा नंबरही रंगवलेला होता.

"यंत्र खाली घेत का नाहीत?"

"वॉरंटी जाते," कल्याणी म्हणाली.

व्हाइस प्रेसिडेंट साहेबांना सगळे व्हीपी म्हणतात. त्यांच्या खोलीत शिरले तेव्हा टेबलामागे मला फक्त कपाळ, चष्मा आणि नाक दिसलं. परदेशी बनावटीची एर्गोनॉमिक खुर्ची होती ती. तिला इतके दांडे की विमान वाटावं. कधीतरी चुकीचा दांडा ओढला गेला आणि खुर्ची तळाला गेली, ती परत वर येईना. व्हीपींना ते कबूल करायचं नव्हतं आणि बाकीच्यांना ते दिसत असल्याचं दाखवायचं नव्हतं. त्यामुळे साहेब टेबलाच्या काठावरून डोकावत कंपनी चालवत होते.

"वेलकम मॅडम! तुमचा सब्जेक्ट मला फार जवळचा आहे," ते इंग्रजीत म्हणाले आणि मान चोळली. "पाहा, आमचं मशीन जगात बेस्ट. नवा स्क्रीन मी स्वतः ॲप्रूव्ह केला, माझ्या फोनसारखा दिसतो. लहान मूलही चालवेल. प्रॉब्लेम आहे तो अटेन्शनचा. या मुलींचं लक्ष नसतं. तुम्ही त्यांना लक्ष द्यायला शिकवा."

"आधी मशीन पाहिलं तर चालेल?"

"मशीन?" त्यांना नवल वाटलं. "मशीनला काय झालंय?"

निघताना मी न राहवून खुर्चीच्या उजव्या अंगाचा मागचा दांडा वर उचलला. व्हीपी सावकाश टेबलावर उगवले. त्यांचा टाय मला प्रथमच दिसला. त्या एका दांड्यामुळे मला कारखान्यात कुठेही फिरण्याची परवानगी मिळाली. माझ्या पदव्यांमुळे मिळाली नसती.

इरुंगाट्टुकोट्टै

श्रीपेरुंबुदूरच्या वाटेवर इरुंगाट्टुकोट्टै लागतं. नाव म्हणायला शिकायलाच मला बसचा अर्धा प्रवास लागला. कल्याणी मला तुकड्या-तुकड्यांनी म्हणून दाखवत होती आणि पुढच्या सीटवरचे दोघे वळून हसत होते. उतरल्यावर मोठे रुंद रस्ते, दोन्हीकडे पत्र्याचे लांबलचक कारखाने, मध्येच उरलेलं एखादं तळं आणि त्यात शांतपणे उभे बगळे. आमच्या सातपूरला बगळे नाहीत, बाकी सगळं ओळखीचं.

कारखान्यात प्रेस मशीनच्या रांगेपाशी सेफ्टी ऑफिसर देवराज उभे होते. उत्साही माणूस. त्यांनी मला अभिमानाने दाखवलं, की प्रत्येक अपघातानंतर कंपनी काही ना काही उपाय करते. पहिल्या चुकीनंतर मशीनवर 'लक्ष द्या' अशी पट्टी चिकटवली. दुसरीनंतर 'नीट लक्ष द्या'. तिसरीनंतर भोंगा बसवला. चौथीनंतर पडद्यावर 'तुमची खात्री आहे का?' असा प्रश्न आला. त्यानंतर दुसरा प्रश्न, 'नक्की खात्री आहे का?' पट्ट्या इतक्या झाल्या होत्या की मशीन आजारी माणसासारखं दिसत होतं. भोंग्याच्या तोंडात कुणीतरी चिंधी कोंबली होती.

"ही चिंधी?"

"सारखा वाजतो, मॅडम," देवराज म्हणाले. "कामात लक्ष लागत नाही."

मशीनचं काम असं. कामगाराने पत्रा आत ठेवायचा, दार लावायचं, प्रेस खाली येतं, सीटखालची पट्टी तयार होते. पत्रा तिरका बसला असेल तर मशीन आपोआप मध्येच थांबतं आणि पडद्यावर दोन बटणं येतात. एक 'रीसेट': प्रेस वर जातं, पत्रा सरळ करता येतो. दुसरं 'रिझ्यूम': प्रेस तसंच खाली येतं. पत्रा तिरका असताना रिझ्यूम दाबलं तर साच्याचे तुकडे.

दोन्ही बटणं हिरवी. दोन्ही एकाच मापाची. नावं दोन्हीची इंग्रजीत, दोन्हीची सुरुवात एकाच अक्षराने.

मी हातमोजे मागून घेतले आणि मशीनपाशी उभी राहिले. शेजारच्या मशीनवर एक मुलगी काम करत होती. पत्रा अडकला. तिने पडद्याकडे न बघता हात उचलला, बोट उजवीकडे नेलं, मग चटका बसल्यासारखं मागे घेतलं आणि डावीकडचं बटण दाबलं. मी थांबले. पुन्हा तेच. बोट आधी उजवीकडे, मग डावीकडे.

"देवराज, जुन्या पडद्यावर रीसेट कुठे होतं?"

"उजवीकडे, मॅडम."

"आणि आता?"

"आता डावीकडे. नव्या डिझाइनमध्ये उजवीकडे रिझ्यूम घेतलंय. फोनवर 'पुढे' उजवीकडे असतं ना? व्हीपी सरांचं सजेशन होतं."

वर्षानुवर्षं हात उजवीकडे जायला शिकलेला. एका रात्रीत पडदा बदलला. हाताला कुणी कळवलं नाही. आणि 'खात्री आहे का', 'नक्की खात्री आहे का' हे प्रश्न चूक असो वा बरोबर दोन्ही वेळा येतात. दिवसभर त्याला हो-हो म्हणून बोट इतकं सरावलेलं, की खात्री विचारणारा प्रश्न म्हणजे आणखी दोन टिचक्या, एवढाच त्याला अर्थ उरला होता.

"पडदा बदलल्यावर सगळ्यांना सांगितलं होतं?"

"नोटीस लावली होती." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. नोटिशीवर नंतर चिकटवलेली 'नीट लक्ष द्या'ची पट्टी होती.

दुपारी कल्याणीने सेल्वीला बोलावून घेतलं होतं, निवेदन घ्यायला. पंचविशीची मुलगी, भुवईवर ताजा व्रण, बसताना खुर्चीच्या अगदी कडेला बसली. मी विचारायचं, कल्याणीने तमिळमध्ये सांगायचं, असं ठरलं होतं. पण मी काही विचारण्याआधीच तिने हात जोडले आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणाली. त्यातला एक शब्द मला लागला: तप्पु.

"तप्पु म्हणजे चूक," कल्याणी म्हणाली. "ती म्हणते, चूक माझीच आहे. माझं लक्ष नसतं. आई तिला रोज वल्लारैचा रस देते, लक्ष राहावं म्हणून. दृष्टही काढलीय."

वल्लारै म्हणजे ब्राह्मीसारखी एक पाण्याकाठची भाजी. एका बटणाची जागा बदलली आणि एक आई रोज पाला वाटत बसली होती.

मी सेल्वीला मशीनवरच्या त्या दुसऱ्या मुलीचं सांगितलं. बोट कसं आधी उजवीकडे जातं ते हाताने करून दाखवलं. सेल्वीने माझ्या बोटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या. तिचा विश्वास बसला नाही. कल्याणीला ती काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते, मॅडम चांगल्या आहेत म्हणून असं बोलतात."

मैलापूर, संध्याकाळ

सुलोचनाबाईंनी संध्याकाळी मला सभेला नेलं. या महिन्यात मैलापूरला गल्लोगल्ली गाणं असतं आणि त्या संगीत-संस्थांना इथे सभा म्हणतात. आपल्याकडे गाणं रंगलं की लोक 'वा' म्हणतात; इथे मांडीवर बोटं मोजत ताल धरतात आणि गाणाऱ्याची चूक झाली तर आख्खी रांग एकदम शेजाऱ्याकडे बघते. मध्यंतरात केळीच्या पानावर गरम पोंगल मिळालं. शेजारच्या आजोबांना माझा धंदा कळला आणि त्यांनी मान दाखवली.

परतताना रिक्षात मी कल्याणीला म्हटलं, "मी लेक्चर देणार नाही. व्हीपींना उद्या मशीन चालवायला लावू. सगळ्यांसमोर."

"कशाला?"

"ते म्हणाले ना, लहान मूलही चालवेल."

कल्याणी घाबरली. "आणि त्यांनी बरोबर चालवलं तर? मग सेल्वीचं तर संपलंच. माझंही."

सुलोचनाबाई मधेच म्हणाल्या, "सेरि, बरें, मग ते चुकोत म्हणून देवाकडं बोलूं काय?"

"अम्मा!"

"नको तर नको."

पुन्हा इरुंगाट्टुकोट्टै

व्हीपींना कल्पना फार आवडली. ट्रेनिंगचं उद्घाटन त्यांच्या हस्ते, तेही दिवा लावून नाही तर मशीन चालवून. फोटोग्राफर बोलावला गेला. सुरक्षेसाठी मी एवढंच सांगितलं की जुना टाकाऊ साचा लावा, पत्र्याऐवजी पुठ्ठा वापरा, आणि पुठ्ठा मधून मधून तिरका बसेल असं करा. देवराजांनी सगळं चोख केलं. कामगार दोन्ही बाजूंनी उभे राहिले. सेल्वी पार मागे, खांबाआड. तिला कल्याणीने पुन्हा बोलावून घेतलं होतं.

व्हीपींनी हातमोजे चढवले. तरुणपणी त्यांनी स्वतः अशाच जुन्या प्रेसवर काम केलं होतं आणि ते त्यांच्या उभं राहण्यात दिसत होतं. पुठ्ठा ठेवला, दार लावलं, प्रेस आलं, गेलं. सफाईदार काम. टाळ्या. मग पुठ्ठा तिरका बसला, मशीन थांबलं. व्हीपींनी मान पुढे करून पडदा सावकाश वाचला आणि डावीकडचं रीसेट दाबलं. बरोबर.

जोरात टाळ्या. देवराजांच्या तर थांबेचनात. व्हीपी कामगारांकडे वळले.

"पाहिलंत? फक्त अटेन्शन हवं!" आणि ते लक्षाविषयी बोलायला लागले. कल्याणीने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. माझाही पडला असणार. खांबाआडची सेल्वी खाली बघत मान हलवत होती. साहेब म्हणतात तेच खरं, असं.

मी पुढे झाले. "सर, फारच छान. पण हे फोटोसाठी झालं. लाइनच्या वेगाने चालवून दाखवाल? कामगारांना स्पीडही शिकता येईल. आणि भोंग्यातली चिंधी काढू."

"व्हाय नॉट!" व्हीपी रंगात आले होते.

शेजारची मशीनं सुरू केली. जमीन हादरायला लागली. व्हीपींनी वेग धरला. पुठ्ठा, दार, प्रेस, पुठ्ठा, दार, प्रेस. आता ते पडद्याकडे बघत नव्हते. बघायला वेळच नव्हता. त्यांचे हात त्यांच्या तरुणपणात पोचले होते. आणि पुठ्ठा तिरका बसला. भोंगा किंचाळला. व्हीपींचा हात उचलला गेला, सरळ उजवीकडे गेला, टक्, खात्री आहे, टक्, नक्की खात्री आहे, टक्.

प्रेस खाली आलं. पुठ्ठ्याचा चुरा झाला आणि जुन्या साच्याचा एक कोपरा मोडून दाराच्या आतल्या जाळीवर आपटला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भोंगा तेवढा वाजत होता. फोटोग्राफरने मात्र आपलं काम केलं होतं.

व्हीपी काही क्षण स्वतःच्या बोटाकडे पाहत राहिले. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग ते गरजले, "हे काय डिझाइन आहे? रीसेट इथे होतं! रीसेट नेहमी इथे असतं! कोणी हलवलं?"

कोणी हलवलं ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोललं नाही.

"सिस्टीम एरर आहे, सर," देवराज म्हणाले. आवाजात भक्ती होती.

"अर्थात सिस्टीम एरर! दोन्ही बटणं हिरवी? माणूस गोंधळणार नाही तर काय?"

कारखान्यात कुणाच्या तोंडी आलेला तो पहिला 'माणूस'. तोवर तिथे फक्त ह्यूमन एरर होता.

जेवणाच्या सुट्टीआधीच सगळं फिरलं. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन गेला. रीसेट परत उजवीकडे जाईल, पिवळं होईल, मोठं होईल, तमिळमध्येही लिहिलं जाईल. रिझ्यूम दूर डाव्या कोपऱ्यात आणि लाल. दोन्ही प्रश्न काढून टाकायचे. पट्ट्या सोलायचं काम देवराजांनी स्वतः सुरू केलं, तेवढ्याच उत्साहाने. सूचनाफलकावर छापून लागलं: 'व्हीपी सरांनी मशीनमधील त्रुटी प्रत्यक्ष काम करून शोधून काढली.' खाली त्यांचा हातमोजे घातलेला फोटो, अगदी टक् दाबतानाचा.

कल्याणी फाइल घेऊन व्हीपींकडे गेली तेव्हा मी सोबत होते.

"सर, सेल्वीचा टर्मिनेशनचा कागद."

"कोण सेल्वी?"

"सर, जिने तेच बटण दाबलं होतं."

व्हीपींनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुन्हा लावला. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

"तिला सोमवारपासून बोलवा," ते म्हणाले. "आणि मधल्या दिवसांचा पगार द्या." मग, माझ्याकडे न बघता, "कपाळाला फार लागलं होतं का?"

"टाके पडले, सर," कल्याणी म्हणाली.

ते खिडकीबाहेर बघायला लागले. आम्ही बाहेर आलो.

सेल्वी कँटीनच्या पायरीवर बसली होती. कल्याणीने तिला सांगितलं. मला वाटलं ती रडेल किंवा हसेल. तिने उजवा हात समोर धरला, बोट हवेत उजवीकडे नेलं, तिथेच थांबवलं आणि त्याच्याकडे बघत बसली. आता तिचा विश्वास बसला होता. मी सांगून बसला नव्हता, साहेबांमुळे बसला. मग तिने कल्याणीला काहीतरी विचारलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"विचारते, साहेबांचा हात चुकला नसता तर?"

मी मराठीत काहीतरी पुटपुटले. पुढे चौकशीत निघालं असतं, मी रिपोर्ट लिहिला असता, असलं काहीतरी. कल्याणीने ते तमिळमध्ये सांगितलं नाही. ती सेल्वीच्या शेजारी पायरीवर बसली आणि तिने स्वतःच उत्तर दिलं. बराच वेळ बोलली. मला एक शब्द कळला नाही. सेल्वी तिच्याकडे टक लावून बघत होती. शेवटी सेल्वीही एक वाक्य बोलली, उठली आणि हात धुवायला गेली.

बसमध्ये बसल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंस तिला?"

"खरं ते. साहेब चुकले नसते तर कागद तसाच गेला असता. त्यावर पहिली सही माझी होती. मशीन न बघता केलेली."

बाहेर तळ्यातले बगळे मागे पडले.

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, मग मॅडम, तुम्हीही एक पाळी माझ्याबरोबर मशीनवर उभ्या राहा."

"आणि?"

कल्याणीने पर्समधून नवे कोरे हातमोजे काढले. स्टोअरमधून घेतले असावेत. तिने एक चढवून पाहिला. बोटांच्या टोकांना दोन बोटं जागा उरत होती.

"पुरुषांच्या मापाचे आहेत, अक्का," ती म्हणाली. "सगळ्या मुलींना हेच देतो आम्ही."